हॉटेलच्या पाटीवरची महागाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय महागाईचा आकडा जाहीर करते. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात छापून येतो आणि चहाच्या टपरीवर हमखास त्याची चेष्टा होते. ‘महागाई घटली म्हणे! मग हा चहा स्वस्त का नाही झाला?’ प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी तो रास्त आहे. मी अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले. वर्गात निर्देशांक शिकवताना मुले सोन्याबद्दल विचारत नसत, पेट्रोलबद्दल क्वचित विचारत. मेसच्या दराबद्दल मात्र नेमाने विचारत. कारण बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलाची महागाई त्याच्या ताटातूनच त्याला कळते. म्हणून आज हॉटेल, खानावळ आणि मेस यांच्या दरांतील वाढ कशी मोजतात, ती मोजणे अवघड का आहे आणि त्या मोजणीवर कोणाचे काय अवलंबून आहे, एवढ्याविषयी बोलणार आहे.

महागाई मोजण्याची कल्पना साधी आहे. सर्वसाधारण कुटुंब कशाकशावर खर्च करते हे पाहून वस्तूंची एक टोपली ठरवायची. तीच टोपली दर महिन्याला बाजारात नेऊन तिची किंमत विचारायची. ज्या वस्तूवर लोक जास्त खर्च करतात तिला जास्त भार द्यायचा. आपल्या राज्यात हे काम जुने आहे. मुंबईत १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन झाले आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला जाऊ लागला. पुढे औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी महाराष्ट्राने जी स्वतःची जादा केंद्रे धरली, त्यांत अकोला, जळगाव, कोल्हापूर आणि नांदेड यांच्याबरोबर तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हेही होते. भाव लिहून घेणारा माणूस या शहराला नवा नाही.

देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात बाहेरच्या खाण्याला किती जागा होती? २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत तयार जेवण, फराळाचे पदार्थ आणि मिठाई असा एकच गट होता. त्याचा भार शंभरात ५.५५ होता. म्हणजे खानावळीतले जेवण आणि मिठाईच्या दुकानातला पेढा एकाच पंगतीला बसलेले. २०२६ च्या फेब्रुवारीत २०२४ हे पायाभूत वर्ष असलेली नवी मालिका आली. तिच्यात आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे उपाहारगृहे आणि निवास यांचा वेगळा विभाग झाला. त्याचा भार शंभरात ३.३५ आहे. हॉटेलच्या बिलाला निर्देशांकात स्वतःचे घर मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. फक्त त्या घरात लॉजची खोलीही राहायला आली आहे, हे लक्षात ठेवायचे. वेरूळ-अजिंठा पाहायला आलेल्या प्रवाशाची खोली आणि टीव्ही सेंटरजवळच्या मेसमधली पोळीभाजी हे दोघे आता एका विभागाचे भागीदार आहेत.

आता अडचणी पाहू. साखर किलोवर मिळते. या महिन्यातला किलो आणि पुढच्या महिन्यातला किलो सारखाच असतो. पण ‘एक प्लेट पोहे’ म्हणजे किती? भाव विचारायला गेलेल्या माणसाला पाटीवरचा आकडा दिसतो, प्लेटमधले वजन दिसत नाही. समजा, पुरीभाजीची प्लेट पन्नास रुपयांना आहे आणि तिच्यात पाच पुऱ्या येतात. पुढच्या महिन्यात पाटीवर पन्नासच राहिले आणि पुऱ्या चार झाल्या. पाटीच्या हिशेबाने महागाई शून्य. गिऱ्हाइकाच्या हिशेबाने एक पुरी दहा रुपयांवरून साडेबारा रुपयांवर गेली, म्हणजे २५ टक्के वाढ झाली. चहाचेही तसेच. फुल चहाचा हाफ होतो, हाफचा कट होतो, काचेच्या ग्लासाच्या जागी कागदी कप येतो आणि तो कप हळूहळू बुटका होत जातो.

काही वेळा वजनही तेच राहते आणि पानातून काही निघून जाते. कांदा महागला की ताटाच्या कडेचा कांदा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी मुळा किंवा कोबी येतो. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचे भाव भडकले, तेव्हा एका जगप्रसिद्ध बर्गर साखळीनेही भारतातल्या अनेक शाखांत टोमॅटो घालणे काही काळ बंद केले होते. या शहराची ओळख असलेला नान-खलिया घ्या. नान किती, खलियात मटणाचे तुकडे किती, रस्सा किती दाट, यांपैकी एकही गोष्ट दरफलकावर लिहिलेली नसते. म्हणून भाव टिपणाऱ्यांना नियम घालून दिलेला असतो : दुकान तेच, पदार्थ तोच, मापही तेच. माप बदलले तर किंमत त्या प्रमाणात दुरुस्त करायची. नियम बरोबर आहे. पण वाढप्याला थांबवून भाताची मूद तोलून कोण पाहणार?

हे अशक्य मात्र नाही. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा थाळीत काय द्यायचे ते वजनासकट लिहिले. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे. शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरली आणि ग्रामीण भागात ३५ रुपये. वरचा फरक सरकारने सोसायचा. योजनेबद्दल मते वेगवेगळी असतील. संख्याशास्त्राच्या माणसाला मात्र ही थाळी आवडावी, कारण तिच्यात थाळी म्हणजे काय हे कागदावर आहे.

दुसरी अडचण पायऱ्यांची. भाजीचा भाव रोज खालीवर होतो, हॉटेलचा दर उडी मारतो. पोह्यांची प्लेट वीस रुपयांची एकवीस होत नाही, ती एकदम पंचवीस होते. मोबाइलवरून पैसे देताना सुट्ट्यांची अडचण उरली नाही, तरी पाच आणि दहाच्या पटीची सवय गेलेली नाही. ज्या महिन्यात दर बदलला त्या महिन्यात वाढ २५ टक्के दिसते, आणि मग तीन वर्षे काहीच नाही. ही वाढ तीन वर्षांवर पसरून पाहिली तर वर्षाला सरासरी पावणेआठ टक्के पडते. एका महिन्याचा आकडा पाहून आरडाओरड करणे चूक आणि एका वर्षाची शांतता पाहून निर्धास्त होणेही चूक. खाण्याच्या दरांची नोंद लांब पल्ल्याचीच हवी.

तिसरी गोष्ट टपरीवरच्या त्या प्रश्नाशी येऊन भिडते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये देशातली अन्नधान्याची महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत १०.८७ टक्के होती. भाज्या तर ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या दिवसांत दर वाढवणाऱ्या हॉटेलवाल्याला कोणी दोष दिला नाही. बरोबर एका वर्षाने, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, अन्नाचे भाव आदल्या वर्षीपेक्षा ५.०२ टक्क्यांनी खाली आले. भाज्या तर सव्वासत्तावीस टक्क्यांहून अधिक स्वस्त झाल्या. एकूण महागाई पाव टक्क्यावर आली. त्या महिन्यात आपल्यापैकी कोणी हॉटेलच्या पाटीवरचा आकडा खोडून लहान केलेला पाहिला का? पाटी वर जाते, खाली येत नाही.

यात हॉटेलवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. ताटातली भाजी हा त्याच्या खर्चाचा एक भाग झाला. त्याला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर लागते आणि त्याचा दर साधारणपणे दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. आचारी, वाढपी, भांडी घासणारा यांचा पगार एकदा वाढला की भाजी उतरली म्हणून कमी करता येत नाही. जागेचे भाडे करारानुसार वाढतच असते. आणि आपल्या शहरात पाणी आहे. जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही गेली कित्येक वर्षे येथे नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले. टँकर आणि पाण्याचे जार यांचा खर्च चहाच्या कपातूनच निघतो. जाधववाडीच्या बाजारात कोथिंबीर मातीमोल झाली म्हणून टँकरवाला पैसे कमी घेत नाही. तेव्हा टपरीवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे : निर्देशांक खोटा नसतो आणि चहावालाही लबाड नसतो. महागाई घटली याचा अर्थ भाव वाढण्याचा वेग घटला, एवढाच. आणि शिजवलेल्या अन्नात अन्नाखेरीज इतके काही मिसळलेले असते की धान्य-भाजीचा भाव उतरला तरी तो ताटापर्यंत पोहोचत नाही.

बिलावरच्या कराचाही विचार करावा लागतो, कारण गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष दिलेली किंमत हीच निर्देशांकाला हवी असते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा वातानुकूलित उपाहारगृहाला १८ टक्के आणि साध्याला १२ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक ठिकाणी तो ५ टक्के झाला, पण मालकांना कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळणे बंद झाले. त्या वेळी कर उतरताच मूळ दर चढवल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. केवळ कराची ओळ पाहणाऱ्याला स्वस्ताई दिसली. खालची बेरीज पाहणाऱ्याला खरा भाव कळला. एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. कंपोझिशन योजनेत असलेल्या छोट्या हॉटेलला बिलावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. आणि सेवाशुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिलेली तशी मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली.

श्रोतेहो, येथवर मोजण्याच्या अडचणी झाल्या. आता ही मोजणी कोणाच्या पोटाशी संबंधित आहे ते पाहू. नव्या निर्देशांकात हॉटेल आणि निवास यांचा भार ३.३५ आहे, असे मी म्हटले. उपाहारगृहांचे आणि लॉजचे सगळे दर दहा टक्क्यांनी वाढले, तर एकूण निर्देशांक एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका हलेल. घरी स्वयंपाक करणाऱ्या आणि महिन्यातून एकदोनदा हौसेने बाहेर जेवणाऱ्या कुटुंबासाठी हे ठीक आहे. पण घाटी रुग्णालयाच्या बाहेर बसलेला रुग्णाचा नातेवाईक हौसेने बाहेर जेवत नाही. तो बुलढाण्याहून, हिंगोलीहून, परभणीहून आलेला असतो. येथे त्याला चूल नाही. वाळूजच्या कारखान्यात पाळी करून खोलीवर परतणाऱ्या एकट्या कामगाराचे तेच आणि विद्यापीठाच्या परिसरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचेही तेच. समजा, एखाद्या मुलाच्या महिन्याच्या खर्चात मेसचा वाटा चाळीस टक्के आहे. मेसचे दर दहा टक्के वाढले की त्याची महागाई एकट्या त्या कारणाने चार टक्के होते. देशाची सरासरी त्याच्या खोलीपर्यंत येत नाही.

हे जेवण मोजण्याचे जे प्रयत्न झाले, तेही बहुधा घरच्या ताटाचे आहेत. २०१९-२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत थाळीच्या अर्थशास्त्रावर एक प्रकरण होते. २००६-०७ पासून शाकाहारी थाळी कामगाराच्या कमाईच्या मानाने २९ टक्के अधिक परवडणारी झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र ही थाळी धान्य, डाळ, भाजी, तेल आणि इंधन यांच्या भावांवरून मांडलेली होती. तिच्यात आचाऱ्याचा पगार नव्हता, टँकर नव्हता, दुकानाचे भाडे नव्हते. घरच्या ताटाचा हिशेब मेसच्या ताटाला लावला, तर मेसवर जेवणाऱ्याची अडचण दिसणारच नाही.

ज्यांना महागाई भत्ता मिळतो त्यांचे बरे असते. सरकारी नोकरांचा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून निर्देशांकाप्रमाणे बदलतो. किमान वेतनातला विशेष भत्ताही महाराष्ट्रात वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून ठरवण्याची पद्धत आहे. विद्यार्थ्याचे काय? शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१७ च्या आरंभी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. हेतू उत्तम होता आणि तिच्यामुळे असंख्य मुलांचे शिक्षण तगले. आपल्या शहरासारख्या विभागीय ठिकाणी तिच्यात वर्षाला एकूण ५१ हजार रुपये ठरले. त्यांपैकी भोजनभत्ता २८ हजारांचा होता.

या २८ हजारांना बारा महिन्यांनी भागा. महिन्याला २ हजार ३३३ रुपये होतात. दिवसाला दोन वेळा, महिन्याला साठ जेवणे. एका जेवणाला एकोणचाळीस रुपयांच्या आत. दोन महिने सुट्टीचे वजा केले, तरी एका जेवणाला सत्तेचाळीस रुपये पडत नाहीत. यात नाष्टा नाही, चहा नाही. आणि आताच आपण पाहिले की ६० ग्रॅम चपाती आणि दीडशे ग्रॅम भाताच्या थाळीची शहरातली किंमत सरकारने स्वतःच २०२० मध्ये ५० रुपये धरली होती. २०१७ च्या आरंभापासून २०२५ च्या अखेरीपर्यंत देशाचा सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकच सुमारे दीडपट झाला. शासन निर्णयात भत्ता रुपयांत लिहिला गेला, ताटात लिहिला गेला नाही. मुलाला मात्र ताटच लागते.

मग ही दरी मुले कशी भरून काढतात? दोन वेळच्या मेसऐवजी एकवेळची मेस लावतात. एक डबा दोघांत खातात. गावी गेले की खाड्याचे दिवस मोजून पैसे वळते करून घेतात. ठराविक दिवसांपेक्षा कमी खाडा धरणार नाही, असे मेसवाला आधीच बजावतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून दुपारच्या जेवणावरच दिवस काढतात. यातले काहीही कोणत्या निर्देशांकात येत नाही, कारण निर्देशांक भाव मोजतो, सोडलेले जेवण मोजत नाही.

याला उपाय आहे आणि त्याचा नमुना सरकारच्याच घरात आहे. शाळेतल्या मुलांच्या पोषण आहारासाठी डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन यांचा प्रत्येक मुलामागचा खर्च ठरलेला असतो. श्रम मंत्रालयाचे लेबर ब्युरो त्याच वस्तूंच्या टोपलीची महागाई काढून देते आणि तिच्या आधारे तो खर्च वाढवला जातो. १ मे २०२५ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलामागचा रोजचा खर्च ६ रुपये १९ पैशांवरून ६ रुपये ७८ पैसे झाला. रक्कम लहान आहे आणि ती पुरेशी आहे का यावर वाद घालता येईल. पण पद्धत बरोबर आहे. आधी ताट ठरवले, मग त्या ताटाचा भाव पाहिला आणि त्याप्रमाणे रुपये बदलले. कॉलेजातल्या मुलाच्या भोजनभत्त्याला हीच पद्धत का लागू नये?

त्यासाठी मेसच्या ताटाचा भाव कोणीतरी सातत्याने टिपायला हवा, आणि हे काम दिल्लीवर सोडण्याची गरज नाही. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत अर्थशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी शहराच्या पाच-सहा भागांतल्या मेस, पोळीभाजी केंद्रे आणि चहा-नाष्ट्याची ठिकाणे निवडावीत. औरंगपुरा, टीव्ही सेंटर, उस्मानपुरा, घाटीचा परिसर, वाळूज, चिकलठाणा. पदार्थ थोडेच धरावेत : एक ताट, एक पोळी, पोह्यांची प्लेट, चहा, महिन्याची दोनवेळची मेस. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच ठिकाणी जावे, पैसे देऊन पदार्थ घ्यावा आणि लहान वजनकाट्यावर तोलावा. किंमत, वजन, पोळ्यांची संख्या, सोबत काय दिले आणि काय बंद झाले, हे लिहावे. दुकानाचे नाव जाहीर करू नये, म्हणजे मालकही मोकळेपणाने बोलेल. त्याच्याकडून सिलिंडर, पगार, भाडे आणि पाणी यांचेही आकडे घ्यावेत, नाहीतर नोंद एकतर्फी होईल.

मी माझ्या विद्यार्थ्यांकडून असा स्वाध्याय करून घेत असे. पहिल्या महिन्यात त्यांना वाटे, पाटी वाचून दर लिहायचा, यात काय शिकायचे? दोनतीन महिन्यांनी ती मुले चमच्याने उसळीतली मटकी मोजू लागत. पुस्तकातल्या व्याख्येने जे होत नाही ते त्या वजनकाट्याने होई. स्थिर किंमत म्हणजे काय, सरासरी कोणाची, भार कशाला म्हणतात, हे प्रश्न त्यांचे स्वतःचे होत.

अशी नोंद चारपाच वर्षे टिकली तर तिला वजन येईल. मग भोजनभत्ता वाढवा म्हणून निवेदन देणाऱ्या मुलाच्या हातात घोषणेबरोबर एक तक्ता असेल आणि समोरच्या अधिकाऱ्यालाही फायलीवर लिहायला आधार मिळेल. मेसवाल्यालाही दर का वाढवला हे सांगता येईल. येत्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्यांना जमेल त्यांनी एक वही घ्यावी आणि आपल्या नेहमीच्या ताटापासून सुरुवात करावी.